ज्याच्या हातात काम, त्याच्याच नावावर: वर्कफ्लोमधलं काम कोडमधून लॉक कसं करावं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी सॉफ्टवेअर सांभाळते. माझे वडील याच वसाहतीत, दुसऱ्या कारखान्यात, फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला होते. कास्टिंगवरून, म्हणजे ओतीव भागावरून, नुसता हात फिरवून दोष सांगणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले. अशा माणसानं 'हा माल सोडू नका' म्हटल्यावरही तो गाडीत चढला, तर त्याला काय वाटतं हे मला घरातूनच ठाऊक आहे.

२०२१ च्या सुरुवातीची गोष्ट. पीडीआयला, म्हणजे माल गाडीत भरण्याआधीच्या शेवटच्या तपासणीला, बेअरिंग हाउसिंगचा २४० नगांचा लॉट होता. तपासणी करणाऱ्या ताईंनी टॅबलेटवर काम उघडलं, एकेक नग बघितला, ३१ नगांत ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली भोकं, सापडली, त्यांनी लॉट होल्डला टाकला, म्हणजे अडवून ठेवला. तेच काम शेजारच्या लाइनवरच्या काकांनी दहा मिनिटं आधी चुकून आपलं समजून उघडून ठेवलं होतं. त्यांनी त्यांच्यासमोरच्या ट्रॉलीतले नग बघितले, ते चांगले होते, त्यांनी 'ओके' भरून सेव्ह केलं. त्यांचं सेव्ह ताईंच्या नंतर पोचलं. डेटाबेसनं शेवटचं आलेलं खरं मानलं. रात्री गाडी पुण्याला गेली आणि चौथ्या दिवशी माल परत आला.

ताई माझ्या टेबलापाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मी होल्ड टाकलं होतं. माझ्या डोळ्यांनी बघून टाकलं होतं." त्या खरं बोलत होत्या. त्यांचं होल्ड मी लिहिलेल्या कोडनं पुसलं होतं.

त्या दिवसापासून पुढच्या दीड वर्षात मी कामं लॉक करण्याबद्दल जे शिकले, ते इथं क्रमानं लिहिते. कामं एका माणसाकडून दुसऱ्याकडं क्रमानं नेणारं (वर्कफ्लोचं) सॉफ्टवेअर म्हणून आम्ही कॅमुंडा ७ आणि डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस वापरत होतो, म्हणून उदाहरणं तिथली आहेत. कॅमुंडा ७ ची मोफत आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. तरी तुमच्याकडं फ्लोएबल हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर असो, कॅमुंडा ८ असो की स्वतः लिहिलेलं एखादं टेबल असो, गाठ सगळीकडं तीच आहे.

लॉक नक्की कशासाठी हवं आहे

आमच्या मीटिंगमध्ये सगळे 'लॉक करा, लॉक करा' म्हणत होते आणि प्रत्येकाच्या मनात वेगळी गोष्ट होती. मोल्डिंगच्या सुपरवायझरांना हवं होतं की एकानं घेतलेलं काम दुसऱ्याला घेता येऊ नये. क्वालिटीच्या साहेबांना हवं होतं की आपण वाचत असताना आकडे मागच्या मागं कुणी बदलू नयेत. अकाउंट्सला हवं होतं की एकदा मंजूर झालेलं चलन पुन्हा कुणी उघडूच नये. पहिली गरज मालकीची, दुसरी आवृत्तीची, तिसरी नोंद पक्की करण्याची. तिन्हींना कोड वेगळा लागतो. एक केलं की बाकीच्या दोन आपोआप सुटतात असं मी धरून चालले होते, आणि त्यात आमचे सहा महिने गेले.

दुसरी गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: स्क्रीनवरचं बटण करडं करणं म्हणजे लॉक नव्हे. बटण त्या क्षणी जे दिसलं त्यावर करडं होतं. काकांच्या टॅबलेटवर काम उघडलं तेव्हा ते मोकळंच होतं. तपासणी व्हायला हवी ती सेव्ह सर्व्हरवर पोचतं त्या क्षणी, आणि तीही डेटाबेसमध्ये.

माणसाचं काम: क्लेम

कॅमुंडामध्ये एखादं काम माणसाच्या नावावर करायचे दोन कॉल आहेत, आणि दिसायला ते सारखेच वाटतात. एक 'क्लेम', दुसरा 'सेट असाइनी'. क्लेम आधी बघतं की हे काम दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे का, आणि असेल तर एरर देतं. सेट असाइनी असं काही बघत नाही, सरळ नाव बदलतं. सुपरवायझरला काम एकाकडून काढून दुसऱ्याला द्यायचं असतं, त्यासाठी तो कॉल आहे. मी सगळीकडं सेट असाइनीच वापरलं होतं, कारण त्यात एरर यायची नाही आणि चाचणी हिरवी दिसायची.

म्हणून पहिलं पाऊल: कामगाराच्या 'काम घ्या' बटणामागं फक्त क्लेम ठेवा. दोघांनी एकाच क्षणी दाबलं तर एकाला क्लेम मिळतं आणि दुसऱ्याला ऑप्टिमिस्टिक लॉकिंगचं एक्सेप्शन येतं, म्हणजे 'तुम्ही वाचल्यानंतर ही ओळ बदलली आहे' अशी एरर. ते पकडा आणि 'हे काम आत्ताच दुसऱ्यानं घेतलं' असं दाखवा. ते एक्सेप्शन बघून आपोआप पुन्हा प्रयत्न करणारा कोड लिहू नका. आमच्याकडं तसा होता, आणि तो सेट असाइनीनं पुन्हा प्रयत्न करायचा.

आता यातला खरा सापळा. क्लेम केलं म्हणजे काम फक्त तोच पूर्ण करू शकेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. ऑथरायझेशन, म्हणजे कुणाला काय करता येईल याची तपासणी, बसवलेलं नसेल तर 'कंप्लीट' हा कॉल असाइनी, म्हणजे काम ज्याच्या नावावर आहे तो, कोण आहे हे विचारत नाही. कामाचा आयडी माहीत असलेला कुणीही ते पूर्ण करू शकतो. त्यामुळं कंप्लीटच्या आधी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसमधले एकत्रच होणारे किंवा एकत्रच रद्द होणारे बदल), लॉगिन केलेला माणूस आणि असाइनी एकच आहेत का हे आपण स्वतः तपासायचं. काकांचं सेव्ह इथंच अडलं असतं.

हे बसवलं आणि आम्हाला वाटलं, जिंकलो. मग जुलै आला.

मुदत नसलेलं लॉक

२०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक बंद झाली. करवीर आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांतून येणारी आमची बरीच माणसं घरी अडकली, काहींच्या घरात पाणी होतं. पाणी ओसरल्यावर थोड्या माणसांवर पाळी सुरू केली तेव्हा दिसलं की ६० च्या वर कामं अशा लोकांच्या नावावर आहेत, जे अजून गावाबाहेर पडू शकत नाहीत. क्लेमला मुदत नसते. माणूस येईपर्यंत काम त्याच्याच नावावर. ज्यांच्या घरातला चिखल अजून निघाला नव्हता त्यांना आम्ही फोन करून पासवर्ड विचारले. ते त्यांनी बिचाऱ्यांनी दिलेही. तसं परत कधी करायला लागू नये, असं मी त्या दिवशी ठरवलं.

त्यावरचा उपाय आमच्याच कारखान्यात रोज डोळ्यांसमोर होता. एसजी आयर्न या चिवट ओतीव लोखंडासाठी वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घालतात. घातल्यावर धातू ठरावीक मिनिटांतच साच्यात ओतावा लागतो. उशीर झाला तर मॅग्नेशियमचा असर उतरतो, याला फेड होणं म्हणतात, आणि तो धातू मग एसजी म्हणून चालत नाही. लॅडल, म्हणजे धातू ओतायचं भांडं, कुणाच्या हातात आहे याला तेव्हा किंमत नसते, किती मिनिटं झाली याला असते. लॉकही असंच द्यायचं: घेतलं त्या क्षणापासून त्याचा असर उतरायला लागला पाहिजे, आणि काम चालू असेल तर घेणाऱ्यानं ते वेळेत वाढवून घेतलं पाहिजे. या मुदतीच्या लॉकला लीज म्हणतात. मी ते कॅमुंडाच्या क्लेमच्या वर, स्वतःच्या एका टेबलमध्ये बसवलं.

टेबलमध्ये कामाच्या आयडीशिवाय तीनच कॉलम महत्त्वाचे: मालक, मुदत आणि लॉक क्रमांक. प्रत्येक कामाची ओळ काम तयार होतानाच घालून ठेवा. लॉक घेताना एकच अपडेट चालवायचं. ते मराठीत असं वाचता येईल: या आयडीच्या ओळीत मालक मी कर, मुदत आत्तापासून इतकी मिनिटं कर, लॉक क्रमांक एकनं वाढव, पण फक्त तेव्हाच, जेव्हा मालक रिकामा आहे किंवा मुदत उलटून गेली आहे. मग किती ओळी बदलल्या ते बघा. एक बदलली तर लॉक तुमचं. शून्य बदलल्या तर दुसऱ्या कुणाचं तरी आहे. नवा लॉक क्रमांक 'रिटर्निंग' लावून त्याच अपडेटमधून परत घ्या, त्यासाठी वेगळी क्वेरी नको.

आधी सिलेक्ट करून 'मोकळं आहे का' विचारायचं आणि मग अपडेट करायचं, असं करू नका. त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत दुसरा माणूस घुसतो. आमच्याकडं पाळी बदलताना दुपारी चारच्या सुमाराला पंधरा-वीस टॅबलेट एकदम काम मागतात, तेव्हा ही फट कायम सापडते. कॉम्प्युटरवर एकट्यानं चाचणी करताना ती कधीच सापडत नाही.

वेळ डेटाबेसच्या सर्व्हरची घ्या. टॅबलेटची घड्याळं पुढं-मागं असतात. आमचा एक टॅबलेट बॅटरी संपून चालू झाला की काही वेळ जुनीच तारीख दाखवायचा. पोस्टग्रेसमध्ये 'नाऊ' हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झालं तेव्हाची वेळ देतं, आत्ताची नाही. ट्रान्झॅक्शन लांबलं तर मुदतीचा हिशेब चुकतो. तिथं 'क्लॉक टाइमस्टॅम्प' वापरा.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: माणूस विचार करत असताना डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका. ओळीवरचं डेटाबेसचं स्वतःचं लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंतच टिकतं, म्हणून काही जण ते तासभर उघडं ठेवायचा मोह करतात. माणूस चहाला जातो, कनेक्शन अडकून पडतं, आणि हळूहळू सगळ्या कारखान्याची कामं रांगेत उभी राहतात.

किती मिनिटं

याचं उत्तर कोडमध्ये सापडत नाही, जागेवर जाऊन उभं राहावं लागतं.

आमच्याकडं हीट अप्रूव्हल, म्हणजे भट्टीतला एक घाणा ओतायला मंजुरी, म्हणून एक काम आहे. भट्टीतून नमुना काढतात, त्याचा कॉइन, म्हणजे छोटी चकती, ओततात, घासतात, धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोवर ठेवतात. मशीन कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस सगळं दाखवतं. लॅबमधले काका कार्बन इक्विव्हॅलंट बघतात, म्हणजे कार्बन अधिक सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा भाग, आणि भट्टीला 'ओता' किंवा 'सिलिकॉन घाला' सांगतात. धातू तिकडं भट्टीत वीज खात थांबलेला असतो. या कामाचं लॉक मी सुरुवातीला सगळ्यांसारखं ३० मिनिटांचं ठेवलं होतं. एकदा लॅबमधला टॅबलेट हँग झाला आणि दुसऱ्या टॅबलेटवरून ते काम घेता येईना. काका पळत भट्टीवर गेले आणि तोंडी सांगून आले. आता ते लॉक ६ मिनिटांचं आहे.

पीडीआयचा लॉट मात्र तासभर चालतो. तिथं एक तासाचं लॉक द्यावं असं वाटतं, पण मग कुणी अर्ध्यावर सोडून गेलं तर तो तास वाया. म्हणून १५ मिनिटांचं लॉक, आणि दर ५ मिनिटांनी टॅबलेट ते वाढवून घेतो. वाढवणं मुदतीच्या एकतृतीयांशाला ठेवलं, म्हणजे एक-दोन वेळा नेटवर्क गेलं तरी लॉक हातात राहतं. वाढवतानाचं अपडेटही अटीवरच: मालक मी आहे आणि लॉक क्रमांक माझाच आहे, तरच.

यात मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. टॅबलेट चालू आहे तोपर्यंत लॉक आपोआप वाढत होतं. पहिली पाळी सुटली, टॅबलेट टेबलावर चालूच राहिला, माणूस घरी पोचला, आणि लॉक रात्रभर वाढत राहिलं. यंत्र जिवंत असणं वेगळं, माणूस काम करत असणं वेगळं. आता मागच्या ५ मिनिटांत स्क्रीनला बोट लागलं असेल तरच वाढवायची विनंती जाते. नग हातात घेऊन बघण्यात ५ मिनिटांच्या वर जातात असं ताईंनी सांगितलं, म्हणून दर १० नगांमागं एक टिक करायची सोय ठेवली. ती टिक त्यांना मोजणीलाही कामाला आली.

लॉक क्रमांक का

मोल्डिंगच्या मागं, साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात त्या नॉकआउटपाशी, आमचं वायफाय पोचत नाही. तिथं गेलेला टॅबलेट २० मिनिटं गायब असतो. समजा 'अ' नं काम घेतलं, लॉक क्रमांक ७. तो नॉकआउटला गेला, मुदत संपली, 'ब' नं काम घेतलं, लॉक क्रमांक ८. 'ब' नं रिजेक्ट भरून काम संपवलं. आता 'अ' नेटवर्कमध्ये परत आला आणि त्याच्या टॅबलेटनं साठवून ठेवलेलं 'ओके' सर्व्हरकडं ढकललं. मुदत फक्त लॉक घेताना तपासली असेल तर हे 'ओके' सरळ आत जातं आणि आपण पुन्हा २०२१ च्या सुरुवातीला जाऊन उभे राहतो.

म्हणून प्रत्येक सेव्हसोबत लॉक क्रमांक पाठवायचा आणि सेव्हच्या अपडेटमध्येच अट घालायची: ओळीवरचा क्रमांक हाच आहे तर लिही. 'अ' चा ७ आहे, ओळीवर ८ आहे, शून्य ओळी बदलल्या, सर्व्हर ४०९ परत देतो. ४०९ म्हणजे कॉन्फ्लिक्ट. लॉक दुसऱ्याकडं आहे हे सांगायला ४२३ हा कोडही आहे, त्याचं नावच लॉक्ड. आम्ही काम घेताना ४२३ आणि सेव्ह करताना ४०९ देतो, म्हणजे टॅबलेटला कुठला निरोप दाखवायचा ते कळतं.

या क्रमांकाला फेन्सिंग टोकन म्हणतात. मला विचाराल तर पूर्ण लेखातला हाच एक भाग सोडू नका. मुदत कमी-जास्त झाली तर गैरसोय होते. क्रमांक तपासला नाही तर चुकीचा माल बाहेर जातो.

'अ' नं भरलेली माहिती मात्र फेकून देऊ नका. माणसानं उन्हात उभं राहून भरलेली असते. आम्ही ती 'उशिरा आलेली नोंद' म्हणून कामाला जोडून ठेवतो आणि सुपरवायझरला दाखवतो. ती निकाल बदलत नाही, पण वाचली जाते.

यंत्रानं करायची कामं

ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवरून काढायचं बिल) काढणं, ग्राहकाला तपासणी अहवाल मेल करणं, वजनकाट्याचा आकडा ओढणं ही कामं आमच्याकडं वर्कर, म्हणजे मागं सतत चालणारे छोटे प्रोग्रॅम, करतात. कॅमुंडा ७ मध्ये यांना एक्स्टर्नल टास्क म्हणतात आणि लीजची सोय तिथं आधीच आहे. वर्कर 'फेच अँड लॉक' कॉल करतो: माझा वर्कर आयडी हा, मला या टॉपिकची, म्हणजे या प्रकारची, जास्तीत जास्त इतकी कामं दे, आणि इतक्या मिलिसेकंदांसाठी लॉक कर. काम झालं की 'कंप्लीट', बिघडलं की 'फेल्युअर', वेळ लागतोय असं दिसलं की 'एक्स्टेंड लॉक'. वाढवलेली मुदत कॉल केला त्या क्षणापासून मोजली जाते, जुन्या मुदतीत मिळवली जात नाही. कॅमुंडा ८ मध्ये हेच काम 'ॲक्टिव्हेट जॉब्ज' करतं आणि मुदतीला तिथं टाइमआउट म्हणतात.

वर्कर आयडी प्रत्येक प्रोसेसचा वेगळा ठेवा. कंप्लीट करताना कॅमुंडा एवढंच बघतं की काम सर्वात शेवटी याच आयडीनं लॉक केलं होतं का. दोन सर्व्हरवर एकच आयडी दिलात तर एकानं घेतलेलं काम दुसरा बंद करतो आणि कॅमुंडाला त्यात काही वावगं दिसत नाही. मशीनचं नाव आणि सुरू होतानाचा एक नवा यादृच्छिक क्रमांक जोडून आयडी बनवा.

जावा क्लायंटची मूळ मुदत २० सेकंदांची असते. आमचा ई-वे बिलाचा वर्कर सरकारी पोर्टलच्या उत्तराची वाट बघत बसायचा, आणि महिनाअखेरीला ती वाट ४० सेकंदांवर जायची. २० व्या सेकंदाला लॉक सुटलं, दुसऱ्या वर्करनं काम उचललं, एका गाडीची दोन बिलं निघाली. ई-वे बिल काढल्यापासून २४ तासांच्या आत रद्द करता येतं, म्हणून आम्ही वाचलो. मुदत १२० सेकंद केली. पण तेवढ्यानं प्रश्न मिटत नाही, कारण १२१ वा सेकंद कधीतरी येणारच. बाहेरच्या जगात परिणाम करणारं प्रत्येक काम दोनदा झालं तरी एकदाच लागू पडेल असं लिहावं लागतं. आम्ही बिल मागायच्या आधी चलन क्रमांकावर युनिक बंधन असलेल्या (म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणाऱ्या) टेबलमध्ये ओळ घालतो. ओळ गेली नाही तर कुणीतरी आधीच मागितलं आहे, म्हणून आधी पोर्टलवर बिल निघालंय का ते विचारायचं.

फेल्युअर कळवताना किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा आणि किती वेळानं, हे दोन्ही द्या. प्रयत्नांचा आकडा शून्यावर आला की कॅमुंडा इन्सिडंट, म्हणजे अडकलेल्या कामाची सूचना, उभा करतं आणि काम कुणी वर्कर उचलत नाही, माणसानं लक्ष घालायचं असतं. हे इन्सिडंट रोज सकाळी बघणारा एक माणूस नेमा, नावासकट.

कॅमुंडा नसेल आणि स्वतःच्या टेबलमधून वर्करनी कामं उचलायची असतील तर पोस्टग्रेसचं 'सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरा. हे २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ आवृत्तीपासून आहे. स्किप लॉक्ड नसेल तर दुसरा वर्कर पहिल्यानं धरलेल्या ओळीपाशी थांबून राहतो. ते लावलं की तो ती ओळ ओलांडून पुढची मोकळी ओळ घेतो. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं म्हशीचं दूध समोरच काढून देतात, एक गवळी गिऱ्हाइकाचा ग्लास भरत असला तर आपण दुसऱ्या म्हशीपाशी जातो, तसंच हे. फक्त ओळ उचलली की लगेच तिच्यावर मालक आणि मुदत लिहून ट्रान्झॅक्शन संपवायचं, आणि खरं काम त्यानंतर करायचं.

एकाच वेळी अनेक कामं लॉक करायची असतील, जसं की एका गाडीतले सगळे लॉट, तर नेहमी आयडीच्या चढत्या क्रमानं करा. दोघांनी उलट-सुलट क्रमानं धरले की दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात.

संपलेलं काम

मंजूर झालेल्या नोंदीला मुदतीचं लॉक नको, ती कायमची बंद हवी. हे मी ॲपमध्ये न ठेवता डेटाबेसच्या ट्रिगरमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाच्या वेळी डेटाबेस स्वतःच चालवतो त्या नियमात, ठेवलं: स्थिती 'मंजूर' असेल तर अपडेट आणि डिलीट नाकार. कारण ॲपमधली अट कुणीतरी थेट डेटाबेसमध्ये जाऊन ओलांडतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असते, रात्री, घाईत. चूक दुरुस्त करायची तर जुनी नोंद तशीच राहते आणि तिला जोडून दुरुस्तीची नवी नोंद होते, जशी वहीत खोडण्याऐवजी खाली दुसरी ओळ लिहितात.

जबरदस्तीनं सोडवायची सोय

सुपरवायझरला लॉक मोडता आलं पाहिजे. पूर आम्हाला तेच शिकवून गेला. पण मोडताना लॉक क्रमांक वाढलाच पाहिजे, नाहीतर जुन्या मालकाचं सेव्ह अजूनही आत येईल. कारण लिहिणं सक्तीचं ठेवा आणि कुणी, कधी, कुणाचं मोडलं याची नोंद ठेवा. ज्याचं लॉक मोडलं त्याच्या स्क्रीनवर लगेच कळवा. आमचा निरोप असा दिसतो: 'हे काम सुपरवायझरांनी ४ वाजून १० मिनिटांनी काढून घेतलं. कारण: पाळी संपली. तुम्ही भरलेले १२० नग जपून ठेवले आहेत.' आधी तिथं नुसतं 'लॉक एक्स्पायर्ड' असायचं, आणि दोन माणसांना वाटलं होतं की त्यांची नोकरीतली काहीतरी परवानगी संपली.

काम दुसऱ्याकडं असेल तर कुणाकडं आणि कधीपर्यंत तेही दाखवा. नाव दिसलं की माणूस उठून त्याच्यापाशी जातो आणि दोघं बोलून मिटवतात. अर्ध्या तक्रारी तिथंच संपल्या.

चाचणी

तीन चाचण्या लिहिल्याशिवाय हे कारखान्यात सोडू नका. पहिली: ५० थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे ५० धागे, एकाच क्षणी एकच काम मागतात, बरोबर एकालाच मिळालं पाहिजे आणि ४९ जणांना ४२३. ही शंभर वेळा चालवा, एकदा पास होण्याला अर्थ नाही. दुसरी: वर्करनं काम उचललं की त्याला मध्येच मारून टाका, मुदत उलटल्यावर दुसऱ्यानं ते उचललं पाहिजे आणि बाहेरचा परिणाम एकदाच झाला पाहिजे. तिसरी नॉकआउटची: लॉक घ्या, नेटवर्क तोडा, दुसऱ्याला काम पूर्ण करू द्या, नेटवर्क जोडा, पहिल्याचं सेव्ह पाठवा. ४०९ आलंच पाहिजे. ही तिसरी मी पहिल्यांदा खऱ्या टॅबलेटवर, ताईंना सोबत घेऊन, खरोखर नॉकआउटपर्यंत चालत जाऊन केली. टॅबलेटवर लाल पट्टी आली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "आता बरोबर."

मुदत संपून सुटलेल्या लॉकची यादी मी दर आठवड्याला बघते. मागच्या महिन्यात तिच्यात शॉट ब्लास्टिंगची (लोखंडी छर्‍यांच्या मार्‍यानं कास्टिंग साफ करण्याची) नऊ कामं होती, सगळी दुसऱ्या पाळीतली. मुदत वाढवायला कोड उघडलाही होता. मग जाऊन बघितलं, तर तिथल्या टॅबलेटचा चार्जर तुटला होता आणि पोरं तो चार्ज करायला ऑफिसात आणून ठेवत होती. मशीनशेजारच्या खांबावर नवा पॉइंट काढून घेतला. मुदत होती तेवढीच ठेवली आहे.